गाडीला फेरफार नाही

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा आणि कृष्णेच्या महापुरात कोल्हापूर-सांगलीकडची घरे, दुकाने, उसाचे फड बुडाले, तशा विक्रीसाठी उभ्या असलेल्या कोऱ्या मोटारीही बुडाल्या. त्या भंगारात निघाल्या. त्यांचा माग पुढे लागला तो पनवेल परिसरात. २०२१च्या सुरुवातीला नवी मुंबई पोलिसांनी त्यांपैकी सुमारे दीडशे गाड्या जप्त केल्या. पोलिसांच्या म्हणण्यानुसार भंगार म्हणून उचललेल्या या गाड्यांच्या चेसिस नंबरात खाडाखोड करून त्या धडधाकट गाड्या म्हणून विकण्याचा धंदा सुरू होता. गाड्या बीएस-४ होत्या, आणि १ एप्रिल २०२० नंतर तशा नव्या गाड्यांची नोंदणीच बंद झालेली होती. म्हणजे या गाड्या दोन कारणांनी रस्त्यावर यायला नको होत्या, तरी आल्या. हे प्रकरण पोलिसांपर्यंत पोहोचले म्हणून आपल्याला कळले. अशी गाडी गिऱ्हाइकासमोर उभी राहते तेव्हा ती धुऊनपुसून चकचकीत केलेली असते, सीट कव्हर नवे असते आणि दाखवायला कागदही असतो. त्या कागदावर पुराची खूण नसते, कारण आपल्याकडे गाडीच्या कागदावर पुराची नोंद करायला जागाच नाही.

या लेखाचा मुद्दा त्या रिकाम्या जागेचा आहे. महाराष्ट्रातला माणूस दोन गुंठे जमीन घेतो तेव्हा सातबारा पाहून थांबत नाही. तो फेरफार काढतो, जुने उतारे मागवतो, वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घेतो, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतो. आजचा मालक कोण हे समजणे पुरेसे नाही, जमीन त्याच्याकडे कशी आली हेही समजले पाहिजे, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. तोच माणूस चार-पाच लाखांची जुनी गाडी घेताना आरसी बुक पाहतो, एक फेरी मारतो, ओळखीच्या मेकॅनिकला इंजिनाचा आवाज ऐकवतो आणि टोकन देऊन मोकळा होतो. यात त्याचा निष्काळजीपणा थोडा आणि व्यवस्थेची उणीव फार. जमिनीच्या प्रत्येक बदलाची नोंद एका जागी, त्या जमिनीच्या नावावर ठेवण्याची सवय आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. गाडीचा इतिहासही नोंदलेला असतो. पण आरटीओ, विमा कंपनी, वर्कशॉप, बँक आणि पोलीस यांच्याकडे तो तुकड्या-तुकड्यांत पडलेला असतो आणि यातला कोणीही तो खरेदीदाराला देणे लागत नाही. हे बदलले पाहिजे, आणि बदलेपर्यंत खरेदीदाराने हे तुकडे स्वतः जुळवायला शिकले पाहिजे.

आधी आरसीचे पाहू, कारण सगळा विश्वास तिच्यावर असतो. आरसी सांगते नोंदणी कोणाच्या नावावर आहे, मालकाचा क्रमांक कितवा, कर्जाचा बोजा आहे का, गाडी कोणत्या महिन्यात बनली. गाडी प्रत्यक्षात कोणाकोणाच्या हातून गेली, हे ती सांगत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. व्यवहारात मात्र विकणारा फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून एजंटाला देतो. एजंट गाडी दुसऱ्या एजंटाला देतो, तो तिसऱ्याला. शेवटचे गिऱ्हाईक सापडेपर्यंत नाव पहिल्याचेच राहते, आणि जाहिरातीत अभिमानाने ‘फर्स्ट ओनर’ लिहिले जाते. सर्वोच्च न्यायालयासमोर २०१८ साली नेमके असेच प्रकरण होते. गाडी एकामागून एक हातोहात विकली गेली होती, अपघात शेवटच्या माणसाच्या ताब्यात असताना झाला, आणि नोंदणी पहिल्याच मालकाची होती. न्यायालयाने भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच ठेवली. या निकालाची चर्चा नेहमी विकणाऱ्याला सावध करण्यासाठी होते. घेणाऱ्यासाठीही त्यात तितकीच महत्त्वाची गोष्ट आहे: आरसीवरचा ‘१’ हा आकडा मालकांची नव्हे, फक्त नोंदींची संख्या सांगतो.

या कोऱ्या सह्यांच्या साखळीवर सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये उपाय काढला. केंद्रीय मोटार वाहन नियमांत भर घालून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना आरटीओकडून अधिकारपत्र घेणे बंधनकारक केले गेले. गाडी विक्रेत्याच्या ताब्यात आली की मालकाने ते ऑनलाइन कळवायचे, तेव्हापासून विक्रेता मानीव मालक. गाडी कुठे फिरवली याची इलेक्ट्रॉनिक नोंद त्याने ठेवायची. १ एप्रिल २०२३ पासून हा नियम लागू आहे आणि तो चांगला आहे. पण त्याने फक्त मालकीचा धागा सांधला जातो. गाडीवर काय बेतले, हा प्रश्न तसाच उरतो.

त्या प्रश्नाचे सर्वांत मोठे उत्तर विम्याच्या दप्तरात असते. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा मूल्याच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी ‘टोटल लॉस’ धरते. चार ते पाच वर्षे जुन्या गाडीवर ५० टक्के घसारा धरतात. तेव्हा आज दहा लाखांना मिळणाऱ्या मॉडेलचे मूल्य पाच लाख होते आणि पावणेचार लाखांच्या वर एस्टिमेट गेले की गाडी कागदोपत्री संपते. डॅशबोर्डपर्यंत पाणी गेलेल्या गाडीचे एस्टिमेट अधिकृत वर्कशॉपमध्ये सहज तिथे पोहोचते. मालकाला पैसे मिळतात आणि सांगाडा लिलावात जातो. सर्व्हेयर आणि सॅल्व्हेज घेणाऱ्यांच्या बोलण्यात इथे दोन भाव असतात, ‘विथ आरसी’ आणि ‘विदाउट आरसी’. सांगाडा तोच, पण आरसीसकट घेतला तर किंमत जास्त. ही जास्तीची रक्कम लोखंडाची नाही, ती ओळखीची आहे. आरसी हाती असली की घेणारा दोन गोष्टी करू शकतो. स्वस्त मजुरीत गाडी उभी करून इतिहास न सांगता विकणे, ही पहिली. दुसरी उघड गुन्हेगारीची: त्याच मॉडेलची, त्याच रंगाची चोरीची गाडी आणून तिच्यावर मेलेल्या गाडीचा चेसिस नंबर ठोकणे. २०२० मध्ये लखनौ पोलिसांनी उघड केलेल्या मोठ्या टोळीची पद्धत हीच होती. मोटार वाहन कायद्याचे कलम ५५ सांगते की गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवावे आणि नोंदणी रद्द करून घ्यावी. पण सांगाडा ‘दुरुस्त होऊ शकतो’ असे म्हटले की हे कलम लागूच होत नाही. सगळा बाजार त्या फटीत राहतो.

यावर कोणी म्हणेल, टोटल लॉस झालेली प्रत्येक गाडी धोक्याची नसते. खरे आहे. एस्टिमेट अधिकृत वर्कशॉपच्या दराने होते आणि मूल्य घसाऱ्याने, त्यामुळे जुन्या गाडीला मध्यम अपघातही टोटल लॉसकडे नेऊ शकतो. चांगल्या कारागिराने ती नीट केली असेल तर कमी किमतीत घेणाऱ्याचा फायदाच आहे. पण हा फायदा माहिती असलेल्याचा आहे. पुरातल्या गाडीत काय होते ते पाहा. एअरबॅगचे नियंत्रण करणारा डबा बहुतेक गाड्यांत पुढच्या दोन सीटांच्या मध्ये, जमिनीलगत बसवलेला असतो. पाणी आत शिरले की आधी तिथे पोहोचते. वायरिंगच्या जोडांत ओल राहते आणि गंज महिनोन्‌महिने आतून चढतो. अपघातग्रस्त गाडीत फुटलेली एअरबॅग बदलण्याऐवजी जागेवर रेझिस्टर जोडून दिवा गप्प करण्याची युक्ती जगभर चालते. असे वाहन घेणाऱ्याला चार पैसे कमी पडले, तरी कशाच्या बदल्यात ते त्याला कोणी सांगितलेले नसते. ब्रिटनमध्ये विमा कंपन्या अशा गाड्यांचे ए, बी, एस आणि एन असे चार वर्ग करतात. पहिल्या दोन वर्गांतल्या गाड्या पुन्हा रस्त्यावर येऊच शकत नाहीत. एस म्हणजे ढाच्याला इजा झालेली, एन म्हणजे न झालेली, आणि या दोन्ही दुरुस्त करून विकता येतात. शिक्का मात्र गाडीबरोबर राहतो. दुरुस्तीला बंदी नको, लपवण्याला हवी, इतका साधा हा भेद आहे.

किलोमीटरच्या आकड्याची गोष्ट वेगळी. पूर्वी केबल काढून, चाके उलटी फिरवून आकडा मागे नेत. आता तो मीटरच्या चिपमध्ये असतो आणि लॅपटॉपला जोडून काही मिनिटांत बदलता येतो. खासगी गाडीला नोंदणीनंतर पंधरा वर्षे फिटनेस तपासणीसाठी आरटीओकडे जावे लागत नाही, त्यामुळे इतक्या काळात तिचा आकडा कोणत्याही सरकारी दप्तरात उतरत नाही. दीड लाखाची गाडी साठ हजारांची होते तेव्हा नुकसान केवळ किमतीचे नसते. टायमिंग बेल्ट, गिअरबॉक्सचे तेल, सस्पेन्शनचे बुश यांच्या बदलण्याच्या वेळा किलोमीटरवर ठरलेल्या असतात. खोट्या आकड्यावर विसंबून बेल्ट बदलला नाही आणि तो तुटला, तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात.

आता खरेदीदाराने आज काय करावे. एकेक कागद खरा की खोटा हे पाहत बसण्यापेक्षा एका कागदाची साक्ष दुसऱ्याकडून तपासावी. सरकारच्या वाहन प्रणालीवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, मालकाचा क्रमांक, विम्याची मुदत, पीयूसी आणि बोजा दिसतो. हातातल्या आरसीशी ते जुळायला हवे, आणि आरसी गाडीवर प्रत्यक्ष कोरलेल्या सतरा अक्षरी चेसिस नंबराशी. तो नंबर टॉर्च लावून पाहावा. अक्षरांची खोली सारखी आहे का, भोवतीचा पत्रा घासलेला किंवा वेगळ्या रंगाचा आहे का, हे नजरेला कळते. बोजा दिसत असेल तर ‘कर्ज फिटलंय’ या तोंडी आश्वासनाला अर्थ नाही. कलम ५१ प्रमाणे वित्तसंस्थेच्या संमतीशिवाय नाव बदलत नाही, त्यामुळे फॉर्म ३५ आणि बँकेचे मुदतीतले ना हरकत पत्र हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. थकलेली ई-चलने नंबरावर पाहता येतात. चोरीच्या गाडीची चौकशी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ या सोयीवर करता येते, आणि ती करावीच. कारण वस्तू विक्री कायद्याच्या कलम २७ प्रमाणे विकणाऱ्याजवळ नसलेली मालकी घेणाऱ्याला मिळत नाही. कितीही सचोटीने पैसे मोजले तरी चोरीची गाडी मूळ मालकाची, किंवा भरपाई दिलेल्या विमा कंपनीचीच राहते.

विम्याची पॉलिसी हा सर्वांत कमी वाचला जाणारा आणि सर्वांत बोलका कागद. तिच्यावर ‘नो क्लेम बोनस’चा टक्का छापलेला असतो. तो एकेका निर्धोक वर्षाने २०, २५, ३५, ४५ आणि ५० असा चढतो आणि दावा केला की पुढच्या वर्षी शून्यावर येतो. मालक पहिल्यापासून एकच आहे, गाडी सहाव्या वर्षात आहे आणि पॉलिसीवर ५० ऐवजी २० टक्के दिसतात. याचा अर्थ मधल्या काळात दावा झाला आहे. तो बंपरचा होता की पुढच्या चासीचा, हे मग विचारता येते. विकणारा आपल्याच विमा कंपनीकडून दाव्यांचा तपशील मागवून दाखवू शकतो. ही खूण दोन ठिकाणी फसवते, हेही सांगायला हवे. बोनस माणसाचा असतो, गाडीचा नव्हे, त्यामुळे जुन्या गाडीवरून आणलेला बोनस नव्या गाडीचा टक्का फुगवतो. आणि बोनस राखण्याचे ॲड-ऑन घेतले असेल तर दावा होऊनही टक्का पडत नाही. म्हणून एका पॉलिसीऐवजी सगळ्या वर्षांच्या मागाव्यात. विमा एखाद्या वर्षी बराच काळ खंडित दिसला तर त्या काळात गाडी कुठे होती, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे चेसिस नंबरागणिक प्रत्येक भेटीची तारीख आणि किलोमीटर नोंदलेले असतात. मालकाला बरोबर घेऊन गेले तर ती यादी मिळते. २०२१ मध्ये ७८ हजारांवर सर्व्हिस झालेली गाडी आज ५५ हजार दाखवत असेल, तर पुढे बोलण्यासारखे काही उरत नाही. बिले सापडत नाहीत असे उत्तर आले, तर तेही एक उत्तर आहे. किंमत त्याप्रमाणे धरावी.

यावर पहिला आक्षेप जुन्या जाणत्यांचा: कागद कसले पाहता, अनुभवी मेकॅनिक पाच मिनिटांत सगळे सांगतो. मेकॅनिकचा मान ठेवूनच उत्तर द्यायला हवे. बॉनेटच्या बोल्टवरचा उडालेला रंग, दाराच्या रबराखाली पुट्टी, सीट बेल्ट पूर्ण ओढल्यावर शेवटच्या हातभर पट्टीवर दिसणारा गाळाचा डाग, चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझतो की लागतच नाही, या खुणा कोणत्याही कागदापेक्षा मोलाच्या आहेत. रंगाची जाडी मोजणारे यंत्र तर डेंटिंग-पेंटिंगचे भांडे फोडते. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो, पुट्टी लागली की आकडा कितीतरी वर जातो. पण मेकॅनिक गाडीची आजची अवस्था पाहतो. बोजा, चोरी, मालकी यांतले काहीही त्याला इंजिनात दिसणार नाही, आणि पुराचा गंज पहिल्या उन्हाळ्यात तरी कनेक्टरच्या आत दडलेला असतो. गाडी आणि कागद दोन्ही तपासायचे असतात. एकाने दुसऱ्याचे काम होत नाही.

दुसरा आक्षेप नव्या बाजाराचा. आता मोठ्या कंपन्या शेकडो मुद्द्यांची तपासणी करून, वॉरंटी देऊन गाड्या विकतात, मग ही उठाठेव कशाला? या कंपन्यांनी सुधारणा केली यात शंका नाही. परत घेण्याची हमी ही तर मोठीच गोष्ट. पण विमा कंपन्यांच्या दाव्यांची माहिती सर्वांसाठी खुली नसल्याने त्यांची तपासणीही शेवटी नजरेची आणि यंत्राची. शिवाय तपासणारा आणि विकणारा एकच असतो. आणि तालुक्याच्या गावात, ओळखीच्या ओळखीतून होणारे व्यवहार या छत्राखाली येतच नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा धंदा करणाऱ्या विक्रेत्याविरुद्ध उपयोगी पडतो, शेजारच्या आळीतल्या मालकाविरुद्ध नाही. वस्तू विक्री कायद्याचे कलम १६ तर बहुतांशी खरेदीदारालाच डोळे उघडे ठेवायला सांगते. डोळे उघडे ठेवायचे तर समोर काही दिसले पाहिजे.

तिसरा आक्षेप गंभीर आहे: खासगीपणाचा. कोणाच्याही गाडीचा इतिहास कोणालाही दिसू लागला तर पाळत ठेवणे सोपे होईल. ही भीती निराधार नाही. २०१९ मध्ये केंद्र सरकारने वाहनांची आणि परवान्यांची माहिती घाऊक विकण्याचे धोरण आणले, त्यातून सुमारे ६५ कोटी रुपये मिळाल्याचे राज्यसभेत सांगितले गेले, आणि गैरवापराच्या भीतीने २०२० मध्ये ते धोरण मागे घ्यावे लागले. त्यानंतर मालकाचे नाव झाकून दाखवतात, ते योग्यच आहे. पण यातली विसंगती लक्षात घ्या. माणसांची माहिती कंपन्यांना विकता येत होती. गाडी पुरात बुडाली होती का, हे मात्र पोटाला चिमटा काढून ती घेणाऱ्या कुटुंबाला तेव्हाही कळत नव्हते आणि आजही कळत नाही. माणसाचा इतिहास आणि यंत्राचा इतिहास वेगळे करता येतात. ब्रिटनमध्ये नंबर टाकला की त्या गाडीची प्रत्येक वार्षिक एमओटी चाचणी, तिच्यात निघालेले दोष आणि त्या दिवशीचे मैल कोणालाही फुकट दिसतात. मालकाचे नाव त्यात कुठेही नसते.

उरतो तो व्यवहार्यतेचा प्रश्न. आपल्याकडची बहुतांश दुरुस्ती रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये होते, तिथल्या नोंदी कोण ठेवणार? बेल्जियमने २००६ पासून कार-पास नावाची व्यवस्था लागू केली. तिथे गॅरेजपासून टायरच्या दुकानापर्यंत सर्वांनी किलोमीटर कळवायचे, विकताना तो दाखला द्यायचा, आणि दिला नाही तर खरेदीदार व्यवहार रद्द करून घेऊ शकतो. किलोमीटरची फसवणूक तिथे फारच आटली. आपल्याला लगेच इतके जमणार नाही. अमेरिकेतही, १९९२च्या कायद्याने देशव्यापी नोंदप्रणाली उभी राहूनसुद्धा, बुडालेली गाडी दुसऱ्या राज्यात नेऊन कागद स्वच्छ करण्याचे प्रकार कतरिना वादळानंतर गाजलेच. पण गॅरेज टाळूनही आपल्याकडे दोन हुकमी जागा आहेत. पीयूसी काढताना केंद्रचालक नंबर प्लेटचा फोटो घेतोच. त्याच वेळी किलोमीटरचा आकडा टिपला तर बीएस-४ आणि त्यानंतरच्या प्रत्येक गाडीची वर्षाला एक नोंद आपोआप तयार होईल. दुसरी जागा विम्याची. दाव्यांची माहिती विमा माहिती विभागाकडे एकत्र होते. ‘टोटल लॉस’ हे दोन शब्द तिथून वाहन प्रणालीत चेसिस नंबरासमोर उतरवले, की ‘विथ आरसी’चा जास्तीचा भाव दुसऱ्या दिवसापासून पडायला लागेल.

असे केले तर जुन्या गाड्यांच्या किमती कोसळतील, हे विक्रेत्यांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्याच उदाहरणावरून दाखवले की खरेदीदाराला चांगली आणि वाईट गाडी ओळखता येत नसेल, तर तो दोन्हींना सरासरी भाव देतो. चांगली गाडी त्या भावात विकायला मालक तयार होत नाही आणि बाजारात वाईट गाड्याच उरतात. या कामाचा वाटा असलेले नोबेल त्यांना २००१ मध्ये मिळाले. वेळेवर सर्व्हिस केलेली, एकदाही न ठोकलेली गाडी विकणाऱ्याला आज भाव कमी मिळतो, तो दुसऱ्याच्या लपवाछपवीमुळे. अशा मालकाने कायद्याची वाट न पाहता सगळ्या वर्षांच्या पॉलिसी, सर्व्हिसची बिले, बँकेचे पत्र आणि दाव्यांचा तपशील एका फाइलमध्ये लावून ठेवावा आणि तिच्या जोरावर चार पैसे जास्त मागावेत. घेणाऱ्यानेही ते द्यावेत. आणि गाडी दिल्यावर कोऱ्या सह्या करून न थांबता फॉर्म २९ वर तारीख, वेळ आणि घेणाऱ्याचे नाव स्वतःच्या अक्षरात लिहून आरटीओला दिल्याची पोच त्याच फाइलमध्ये लावावी, कारण नाव बदलेपर्यंत त्या गाडीखाली कोणी आले तर समन्स त्याच्याच पत्त्यावर येणार आहे.